भाव मोठ्यानं बोला

त्या सकाळी आत्यानं मला हाक मारली नाही, सरळ अंगावरचं पांघरूणच ओढलं.

"ऊठ पोरी! आज भाव कानानं ऐकायचाय!"

मी उठले ती तोंड धुवायच्या आधी टोपल्यांकडे धावले. आता माझे गुडघे कुरकुरतात, चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधत फिरते. पण त्या सकाळची आठवण निघाली की पायांत अजून तीच घाई शिरते.

आमचा धंदा रेशमाचा. म्हणजे रेशीम आमच्या अंगाला कधी लागलं नाही, आम्ही किडे वाढवायचो. घरामागे तुतीची बाग आणि बागेला लागून किड्यांची खोली. अंड्यातून किडा निघतो तेव्हा तो मोहरीच्या दाण्याहून लहान असतो, आणि निघाल्यापासून त्याला खाण्याखेरीज दुसरं काम नसतं. आम्ही पानं तोडायची, चिरायची, घालायची. मोठे झाले की ते असे खायचे, की दार उघडल्यावर वाटावं, आत शंभर शिंपी बसलेत आणि सगळे एकदम कात्री चालवताहेत. मला तो आवाज इतका आवडायचा की मी कधी कधी उगाचच दार उघडायची.

त्या खोलीत आत्याचं राज्य होतं. किड्यांना वास सोसत नाही म्हणून घरात फोडणी नाही, सुवासिक तेल नाही, आणि तंबाखू तर मुळीच नाही. माझा काका, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, तंबाखू खायचा. त्याला जेवणही फाटकाशी मिळायचं. "किड्यांना तुती आणि सख्ख्या भावाला फाटक," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आत्या आतून ओरडायची, "किडे कमावून देतात! तू काय देतोस?"

मग एक दिवस किडे खाणं थांबवायचे, माना वर करायचे आणि स्वतःभोवती धागा गुंडाळायला लागायचे. कात्र्या बंद. खोलीभर पांढरेशुभ्र कोष, हरभऱ्याच्या घाट्यांसारखे लटकलेले.

आणि इथूनच खरा घोर सुरू व्हायचा. कोषात किड्याचा पतंग होतो. थोड्याच दिवसांत तो कोषाला भोक पाडून बाहेर येतो आणि सगळा धागा तुटतो. भोक पडलेल्या कोषाला कोणी फुकट विचारत नाही. म्हणजे आम्हाला विकायची घाई, आणि घेणाऱ्याला कसलीच नाही. तो बाकावर बसून पाय हलवत राहिला तरी चालतं. विकणाऱ्याच्या मागे पतंग लागलेला, घेणाऱ्याच्या मागे कोणीच नाही. आत्या म्हणायची, "हा बाजार नाही गं, हा नुसता वाट बघण्याचा खेळ आहे, आणि त्यात आपण दरवेळी हरणार."

त्यात आमच्या बाजाराची रीत न्यारी. तिथे भाव कोणी तोंडानं बोलायचंच नाही. व्यापारी एक मोठा रुमाल हातावर टाकायचा, विकणारा आपला हात त्या रुमालाखाली घालायचा, आणि दोघं एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. वर चेहरे अगदी कोरे, कोणी हवापाण्याच्या गप्पा मारतंय असे. शेजारच्याला काय भाव मिळाला, हे शेजारच्याच्या बोटांनाच माहीत. आणि बाईमाणसानं परक्या पुरुषाचा हात धरायचा, तोही रुमालाखाली? छे, छे! मग किडे वाढवायचे आत्यानं आणि बोटं दाबून घ्यायची काकानं.

काका बाहेर आला की आत्या विचारायची, "किती?"

"बरा दिला."

"बरा म्हणजे किती?"

"अगं ताई, त्यानं आधी चार बोटं दाबली. मी नाही म्हटलं. मग त्यानं मनगट दाबलं."

"मनगटाचा भाव काय असतो?"

"तो एक हिशोब असतो. तुला नाही कळायचा."

सगळ्यांत मोठ्या व्यापाऱ्याचं नाव आत्यानं रुमालशेठ पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा एकदा चुकून तसं म्हणाली. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, कोणी आजारी पडलं तर घरी येऊन बसायचा. पण त्याच्या रुमालाखाली गेलेला हात कधी हसत बाहेर आला नाही.

मग एके वर्षी सरकारनं आमच्या बाजारावर एक तरुण साहेब नेमला. चेहरा कोवळा, बूट नवे, आणि मनात आग. पहिल्याच महिन्यात त्यानं बाजाराच्या भिंतीवर मोठी पाटी लावली. पाटीवर कोषांचा एकच ठरलेला भाव होता. त्याच्या खाली कोणी घ्यायचं नाही, वर कोणी द्यायचं नाही. काय आनंद झाला होता सगळ्यांना! आत्यानं तर त्या पाटीकडे बघत काकाला कोपर मारलं. "वाच! मनगट नाही, आकडा आहे!"

आणि मग काय झालं? भाव एकच म्हटल्यावर चांगल्या कोषाला कोणी कशाला जपावं? आमच्या शेजाऱ्यानं, ज्याला सगळे घाईवाला म्हणत, किड्यांना अर्धपोटी ठेवून पातळ, कागदासारखे कोष आणले. तोच भाव! व्यापारी आले, पाटी वाचली, एका हातानं पातळ कोष दाबून पाहिला आणि आल्या पावली परत गेले. साहेब म्हणाला, "घाबरू नका, सरकार घेईल." सरकारनं घेतलेही, तिजोरीत होतं तोवर. दुसऱ्या दिवशी दुपारीच तिजोरी रिकामी झाली. बाकीच्यांचे कोष टोपल्यांत पडून राहिले. आमचेही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या की पाचव्या सकाळी बाजाराचं दार उघडलं, तर आत पतंगच पतंग. रेशमाचा पतंग उडत नाही, नुसता फडफडत चालतो. टोपल्यांवर, फरशीवर, वजनकाट्यावर, पाटीवरच्या आकड्यांवर पांढरे पतंग फडफडत होते. आणि मध्ये टेबलाशी साहेब उभा, एक पतंग त्याच्या डोक्यावर, दोन खांद्यावर.

आत्या म्हणाली, "साहेब, तुमच्या भावाला पंख फुटले."

लोक हसले. साहेब हसला नाही. त्यानं कॉलरवरचा एक पतंग हळूच बोटावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

घरी आल्यावर आत्या हसत नव्हती. "इतकी पिकं रुमालानं खाल्ली आणि हे पाटीनं. आता एक शेवटचं घेते. तेही गेलं तर बाग उपटायची आणि खोलीला कुलूप." आत्या बोलली की झालंच. गावात खणायची कामं करणाऱ्या पहारवाल्यालाही तिनं सांगून ठेवलं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ये, तुतीची मुळं खणायची आहेत. आणि मला? मला आईबाबांकडे शहरात जावं लागणार होतं. ते दोघं डबाबंद फळांच्या कारखान्यात होते. माझ्यासाठीही तिथे डब्यांवर झाकणं बसवायची जागा बघून ठेवली होती. मी त्या झाकणांची स्वप्नं बघून दचकून उठायची.

ते शेवटचं पीक आम्ही दोघींनी असं वाढवलं की काय सांगू! कोवळी पानं वेगळी, जून पानं वेगळी. ओलं पान आत येऊ दिलं नाही. आत्या किड्यांशी बोलायची, "खा रे बाबांनो, लाज राखा." कोष झाले ते सुपारीसारखे टणक.

मधल्या काळात साहेब नाहीसा झाला होता. लोक म्हणाले, पळाला. पण एक दिवस बैलगाडीवर एक जुनाट, गंजका बॉयलर लादून तो परत आला. कुठल्याशा बंद गिरणीतून आणलेला. दोन आठवडे बाजाराच्या अंगणात ठाकठूक चालली. मग तो घरोघर फिरला. आमच्याकडेही आला आणि किड्यांच्या खोलीबाहेर बूट काढून उभा राहिला. ते बघून आत्या थोडी निवळली.

"मावशी, मी भाव ठरवणार नाही आता."

"मी तुमची मावशी कधीपासून झाले?"

"पतंग डोक्यावर बसला तेव्हापासून."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. साहेब सांगत होता, भाव व्यापारीच ठरवतील, पण मोठ्यानं बोलून, सगळ्यांसमोर. रुमाल बंद. बाई असो, पुरुष असो, ज्याला घ्यायचंय त्यानं भाव बोलावा. आणि ज्याला भाव पटला नाही त्यानं आपले कोष अंगणात त्या बॉयलरवर उभारलेल्या वाफेच्या भट्टीत द्यावेत. वाफेनं आतला पतंग जन्मायच्या आधीच संपतो, मग कोष सुकवून महिनोन्‌महिने ठेवता येतो.

"म्हणजे माझे कोष उकडणार?" आत्या म्हणाली. "धागा गळून गेला म्हणजे?"

"मी करून पाहिलंय. गळत नाही."

"तुम्ही पाटीही करून पाहिली होती."

साहेब खाली वाकला. बूट घातले, नमस्कार केला आणि गेला. आत्या मात्र त्या दिवशी पानं चिरताना दोनदा थांबली.

तर ती सकाळ. आम्ही टोपल्या घेऊन पोचलो तेव्हा बाजार गच्च भरला होता. अंगणात भट्टी फुसफुसत होती आणि साहेब स्वतः कोळसा टाकत होता. तोंड असं काळं की आधी मी ओळखलंच नाही. आत एका बाकावर सगळे व्यापारी ओळीनं बसलेले. मध्यभागी रुमालशेठ, खांद्यावर घडी घातलेला रुमाल.

आमची टोपली पहिली होती. साहेबानं हात पुसले, घंटा वाजवली आणि म्हणाला, "बोला! भाव मोठ्यानं बोला!"

कोणी बोललं नाही.

पुन्हा घंटा. पुन्हा शांतता.  एक कारण असं, की भाव तोंडानं बोलायची कोणाला सवयच नव्हती. एका व्यापाऱ्याचा हात तर आपोआप रुमालाखाली गेला आणि त्यानं स्वतःचीच बोटं दाबली. पण खरं कारण वेगळं होतं. सगळे रुमालशेठकडे बघत होते आणि रुमालशेठ छताकडे. त्यांचं आधीच ठरलं होतं. आज गप्प बसायचं. उद्याही गप्प बसायचं. पतंग काय थांबणार आहेत?

"शेठ," साहेब म्हणाला, "कोष आवडले नाहीत का?"

"कोष छान आहेत हो," रुमालशेठ गोड आवाजात म्हणाला. "घाई काय आहे? बसलोय की आम्ही."

काका आत्याच्या कानाशी लागला. "ताई, मी जाऊ का? रुमालाखाली पटकन मिटवतो."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  ती एका टोपलीशी वाकली, सगळ्यांत चांगल्या टोपलीशी, आणि ती उचलून थेट अंगणाकडे चालू लागली.

"साहेब! भट्टी तापलीय ना? ही घाला."

सगळा बाजार तिच्या मागे अंगणात. व्यापारीसुद्धा बाकावरून उठले. साहेबानं टोपली आत ठेवली, झाकण बसवलं. वाफ सूं सूं करत होती. कोणी म्हणालं, "कोषांची भाजी झाली." आत्या झाकणाकडे बघत उभी. त्या टोपलीत आमची सगळी कोवळी पानं होती, सगळी जागरणं होती. मला शहरातली झाकणं दिसायला लागली, ओळीनं, चकचकीत.

झाकण निघालं. वाफेच्या ढगातून टोपली बाहेर आली. कोष ओलसर, पण पांढरेच. आता कोणी हात लावावा? तेवढ्यात गर्दीतून एक बारीकशी बाई पुढे सरकली. तिला आम्ही एकचाकी म्हणायचो, कारण कोषातून सूत काढायचं एकच चाक तिच्या घरी होतं, आणि त्यावर तिचं आणि तिच्या मुलीचं पोट. तिनं एक कोष उचलला, नखानं टोक शोधलं आणि धागा ओढायला लागली. ओढत गेली, ओढत गेली. धागा हातभर, दोन हात, उन्हात चमकत लांबतोय, तुटायचं नाव नाही. सगळ्यांच्या माना त्या धाग्याबरोबर फिरत होत्या.

"शाबूत आहे," एकचाकी म्हणाली. मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ती बाजारात मोठ्यानं बोलली. "साठ! ही टोपली मी साठनं घेते!"

व्यापारी खो खो हसले. रुमालशेठ म्हणाला, "अहो बाई, किलोला साठ देऊन करणार काय? माळ करून गळ्यात घालणार?"

"का शेठ? तुम्ही तर हेच कोष मला सत्तरनं विकता!"

हसणं जागच्या जागी थांबलं. एकचाकीला रुमालाखाली हात घालता येत नव्हता, म्हणून तिला कोष रुमालशेठकडूनच घ्यावे लागत. ती काय भावानं घेते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही काय भावानं विकतो हे तिला ठाऊक नव्हतं. मधे फक्त एक रुमाल होता.

आत्या सावकाश काकाकडे वळली. "भाऊ, ते मनगट म्हणजे किती रे?"

काकानं जमिनीकडे बघत सांगितलं, "एक्केचाळीस."

असा गलका उठला म्हणता! "मलाही एक्केचाळीस!" "मला तर अडतीस!" "आणि तिला सत्तर?" साहेबानं घंटा वाजवली. आत्यानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "भांडण नंतर! साहेब, ही टोपली एकचाकीला साठनं दिली. बाकीच्या भट्टीत घाला. मी आता थांबू शकते."

मी आता थांबू शकते! हे चार शब्द मी पुढे कितीदा मनात म्हटले असतील. बाकाच्या टोकाला एक छोटा कारखानदार बसायचा. रुमालाखाली दोन बोटं जास्त दाबायचीही त्याला कधी हिंमत झाली नव्हती. तो ताडकन ओरडला, "एकसष्ट! उरलेल्या सगळ्या टोपल्या, एकसष्ट!"

"बासष्ट!" दुसरा.

"अरे, आपलं ठरलं होतं ना?" रुमालशेठ त्याच्यावर डाफरला.

"ठरलं होतं, पण माझी चाकं रिकामी आहेत शेठ! चौसष्ट!"

बांध फुटला. आकडे असे उडायला लागले की साहेबाची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी एका पालथ्या टोपलीवर चढून उभी राहिले होते आणि कोणी नवा आकडा बोललं की टाळ्या पिटत होते. आत्या मला दटावत होती आणि स्वतःही पिटत होती. सहासष्टवर सगळे अडले. घंटा वाजणार इतक्यात रुमालशेठ उभा राहिला. चेहरा लाल, श्वास फुललेला.

"अडुसष्ट!"

घंटा वाजली. रुमालशेठनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. त्या रुमालानं घामही पुसता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर तो आत्याजवळ आला. "बाई, एक विसरू नका. भाव तुम्हाला सरकारनं नाही, मी दिलाय."

"नाही विसरणार शेठ," आत्या म्हणाली. "पण तुमच्याकडून तो निघावा म्हणून बॉयलर आणावा लागला, हे तुम्हीही विसरू नका."

सगळेच खूश झाले असं मात्र नाही. घाईवाल्याच्या पातळ कोषांना पस्तिसाच्या वर कोणी बोलेना. "पाटीच बरी होती," म्हणत तो साहेबाच्या अंगावर गेला. साहेब त्याला म्हणाला, "पुढच्या खेपेला पानं जास्त घाला. मी अंडी चांगली आणून देतो, पण खायला तुम्हीच घालायचं." तो ऐकेना. जाताना भट्टीला लाथ मारली आणि पाय भाजून घेतला.

पुढे मी बरेच साहेब पाहिले. एकाला पुन्हा पाटी लावायची होती, दुसऱ्याला भट्टी भंगारात काढायची होती, बाजार आपला आपण चालतो म्हणून. दोघांनाही बाजारातल्या बायकांनी काय काय ऐकवलं, ते लिहायचं तर वेगळी वही लागेल.

त्या संध्याकाळी आम्ही रिकाम्या टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून घरी आलो. काका पुढे चालत भेटेल त्याला "अडुसष्ट!" असं ओरडून सांगत होता, जणू त्यानंच बोटं दाबली होती. फाटकाशी पहारवाला वाट बघत उकिडवा बसलेला. आम्हाला बघून तो उठला, हातावर थुंकून पहार उचलली.

 आत्या एकदा बोलली की झालंच, हे मी सांगितलंच आहे.

"बाई, कुठून सुरुवात करू?" पहारवाल्यानं विचारलं.

आत्यानं बागेकडे पाहिलं. मग कुंपणाकडे.

"कुंपणापासून," ती म्हणाली. "खांब सैल झालेत, बकऱ्या आत शिरून माझी तुती खातात. सगळे नीट रोवून दे." आणि मग माझ्याकडे वळून, "बघत काय उभी राहिलीस? खोली झाडायला घे. उद्या नवी अंडी आणायची आहेत!"

मी टोपली फेकली आणि धावले. मागून काका विचारत होता, "ताई, आज तरी आत जेवू का?"

"तंबाखू थुंक आधी!"